बोलता यावं, गाता येऊ नये

बुधवारी लाँच येते, भरतीची वेळ बघून.
तिच्यातून एदुविना उतरते, आमची नर्स,
गुडघ्यापर्यंत बूट, खांद्याला रक्तदाबाचं यंत्र
आणि पिशवीत लाल लोकरीचा गुंडा.

कास्त्रोच्या इस्पितळात चालायचा पट्टा आहे म्हणे.
पायाखालून जमीन सरकते, माणूस जागच्या जागी.
आमच्या बेटावर उलटं,
जमीन जागच्या जागी आणि चढ फार.
तिथे जायचं तर लाँचचे तीन तास,
आणि देल्मिरो पाण्यावर पाय ठेवायला तयार नाही
होडीत झटका आला त्या दिवसापासून.
चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस.

मग तिने पट्टा इथेच आणला.
चर्चच्या टेकडीवर जातं ते कुंपण,
त्याच्या खुंटांना अंतराअंतरावर लोकर बांधली.
हा आठवडा पहिल्या गाठीपर्यंत.
पुढचा, जमलं तर, दुसऱ्या.
"आणि वेग?" मी विचारलं.
"चालताना बोलता यावं, गाता येऊ नये.
गाणं निघालं तर पाय उचला.
शब्द तुटले तर थांबा."

मला हसू आलं.
अहो बाई, हा लग्नात 'हो' म्हणाला
तेसुद्धा पाद्र्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर.
ह्याचा श्वास तुम्ही शब्दांनी मोजणार?

दोन बुधवार तो मुका चालला.
ती पाऊस काढी, बटाटे काढी, नातवंडं काढी.
तो मान हलवी. वहीतला रकाना कोरा.
तिसऱ्या बुधवारी तिने खुंटावर थाप मारली,
"हे कसलं लाकूड?"
"तेपू."
पुढच्या खुंटाशी, न विचारता,
"लूमा. कुंपणात वाया घालवलंय."
आणि गाठीपर्यंत पोचेतो
त्याने हवेतच एका होडीचा कणा टाकला,
उल्मोचा, सलग, एकही जोड नसलेला.

त्यानंतर दर बुधवारी होडी वाढत गेली.
फासळ्या कुठल्या झाडाच्या वाकड्या मुळांच्या,
फळी वाफेवर किती वेळ धरायची,
खिळा कुठे रडतो.
मी मागून त्याचं जाकीट घेऊन चालत होते
आणि ऐकत होते,
चाळीस वर्षं माझ्या ताटासमोर बसून
न बोललेलं सगळं.
खोटं कशाला सांगू, रागच आला.

एदुविनाने रकान्यात लिहिलं, 'श्रम मध्यम, फळ्या चौदा.'
कास्त्रोहून कागद परत आला, फळ्यांभोवती लाल वर्तुळ.
तिने तो माझ्या चुलीत घातला.

रात्री तो खुर्चीत झोपे, आडवं व्हायची भीती.
मी अंथरुणात त्याचे श्वास मोजत पडे,
एखादा उशिरा आला की माझाही अडके.
एकदा एदुविनाने त्याचं मनगट सोडलं
आणि माझं धरलं.
"तुम्हाला कोणी विचारलं का?"
मी म्हटलं, मला काय धाड भरलीय.
"उद्यापासून बरोबरीने चालायचं. मागून नाही."

पाचव्या गाठीशी होडी पुरी होत आली.
फटींत आलेर्सेची साल ठोकायची तेवढी राहिली होती.
तिथे तो थांबला. दम लागला नव्हता.
म्हणाला, "त्या दिवशी डावा हात गेला,
तेव्हा उजव्याने मी दोर कमरेला बांधला. बाकाशी."
मी म्हटलं, वारा होता ना.
"वारा नव्हता.
म्हटलं, तुला पुरायला काहीतरी मिळावं."

एदुविनाने वही मिटली.
शब्द तुटले तर थांबा, हा तिचाच नियम.
आम्ही तिघं थांबलो,
खाली ओहोटीत शिंपल्यांचा वास येत राहिला.

होडीत तो अजून बसत नाही.
खुर्ची मात्र पलंगाला येऊन टेकलीय.
काल सातव्या गाठीच्या अलीकडे
मी काहीतरी गुणगुणत होते, माझं मलाच ठाऊक नाही.
तो वळला.
"गाणं येतंय तुला," म्हणाला,
"पाय उचल."